पाणी मोजा, मग भांडण लिहा

वाचकाचं पत्र:

मी एक साहसकादंबरी लिहिते आहे. ६५ वर्षांच्या निवृत्त लेखापरीक्षक बाई आणि २४ वर्षांचा बोटीवरचा इंजिन मिस्त्री असे दोघंच, बोट फुटल्यावर उष्ण कटिबंधातल्या एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडतात. बाई कडक शिस्तीच्या, पोरगा तोंडाळ. बारा प्रकरणं झाली, सोबत पाठवली आहेत. ज्या तिघांनी वाचलं त्यांचं मत एकच: बेट कॅलेंडरवरचं वाटतं आणि दोघांचं जमतं ते फुकटात जमतं. पहिल्या दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी बाई आपल्या चष्म्यानं आग पेटवतात (त्यांना लांबचं दिसत नाही), तिसऱ्या रात्री शहाळ्याचं पाणी पीत चांदण्यात मनमोकळ्या गप्पा. पुढे त्यांच्यात भांडायला काही उरतच नाही. कुठं चुकतंय? आणि शेवटी सुटका करावी की नको?

उत्तर:

जोडी चांगली आहे, तिला हात लावू नका. अडचण बेटाची आहे. तुमच्या बेटावर कशाचीच टंचाई नाही. पाणी मिळतं, आग पेटते, नारळ आपणहून हातात येतात. मग या दोघांनी एकमेकांचं तोंड तरी का बघावं? एकमेकांवाचून त्यांचं काहीच अडत नाही, म्हणून तुम्हाला त्यांना चांदण्यात बसवून बोलतं करावं लागतं. भांडण आणि समेट दोन्ही टंचाईतून आले तर गप्पांचं प्रकरण लिहायची वेळच येणार नाही. त्यासाठी आधी हिशेब मांडा. तुमची नायिका हिशेबातलीच आहे, ही मोठी सोय.

सुरुवात पाण्यापासून. उष्ण, दमट हवेत सावलीत बसलेल्या माणसालाही दिवसाला तीनेक लिटर पाणी लागतं. उन्हात काम केलं की चार-पाच. दोघांचे किमान सहा लिटर धरा. एका शहाळ्यात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी निघतं. म्हणजे नुसत्या शहाळ्यांवर राहायचं तर रोज पंधरा-वीस शहाळी हवीत, आणि ती असतात उंच माडाच्या शेंड्यावर. सवय नसलेला माणूस माडावर चढतो तो बहुतेक वेळा निम्म्यावर अडकतो, छाती आणि मांड्या सोलून घेतो आणि घसरत खाली येतो. वरून पडला तर तुमची कादंबरी तिथंच संपली. शिवाय दिवसभर शहाळ्याचंच पाणी प्यायल्यावर पोट ढळतं, आणि जुलाबात आत गेलेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जातं. तिसऱ्या रात्रीच्या चांदण्याचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

खाली पडलेले, तपकिरी झालेले नारळ मात्र मिळतात. त्यांत पाणी कमी, खोबरं जास्त. पण कोयता नसताना सोडण काढणं हे तुम्ही एका ओळीत उरकलेलं काम खरं तर अख्ख्या प्रकरणाचं आहे. टणक लाकडाचा एक खुंटा दोन्ही बाजूंनी टोकदार करायचा (दगडावर घासून, यालाच अर्धा दिवस जातो), एक टोक जमिनीत घट्ट ठोकायचं आणि दुसरं गुडघ्याच्या उंचीवर येईल असं ठेवायचं. नारळ दोन्ही हातांनी धरून सगळं अंग टाकत खुंट्यावर आपटायचा आणि टोक सोडणात रुतलं की खाली आणि बाहेर पिळायचा. एक पट्टा सुटतो. नारळ फिरवून पुन्हा. पहिला पट्टा सर्वांत चिवट, पुढचे सोपे. नवखा माणूस हमखास जी चूक करतो ती म्हणजे टोक सोडणातून थेट करवंटीत घुसवतो. करवंटी फुटते आणि पाणी वाळूत. चुकून हात मध्ये आला तर तळवा फाटतो. नीट सोललेल्या नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो काडीनं टोचून पाणी काढता येतं. हे मिस्त्रीला माहीत नाही आणि बाईंना स्वयंपाकघरामुळे माहीत आहे, असं केलंत तर पहिल्याच दिवशी दोघांचे हात एका नारळावर येतात, तेही शिव्याशाप देत.

बेटावर ओढा दाखवलाय, तो काढून टाका. लहान, सखल, वाळूच्या किंवा प्रवाळाच्या बेटावर ओढा नसतोच. असतं ते जमिनीखाली. मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. ढोबळ नियम असा की समुद्रपातळीच्या वर ते जितकं चढतं, त्याच्या सुमारे चाळीसपट पातळीखाली असतं. बेट अगदीच चिंचोळं असेल तर हे भिंग टिकत नाही, तेव्हा बेटाची रुंदी आधी ठरवा. भरतीच्या रेषेच्या बरंच आत, वाळूच्या पहिल्या उंचवट्यामागे, जिथं झाडोरा दाट आहे तिथं खड्डा खणायचा. मीटर-दीड मीटरवर वाळू ओली लागते आणि तळाशी पाणी पाझरायला लागतं. इथं थांबायचं. पाणी हळूहळू साठू द्यायचं आणि वरवरचं अलगद काढून घ्यायचं. अजून खोल खणलं, किंवा घाईनं उपसलं, की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर काही दिवसांसाठी गेली.

तुमचं पहिलं खरंखुरं भांडण इथं आहे. पोरगा तरणाताठा, तहानलेला; थोडं पाणी दिसल्यावर तो खणतच जाणार. बाई म्हणणार, थांब. का थांबायचं, ते त्यांना ठाऊक नाही. पण मुद्दल मोडू नये इतकं त्यांना नोकरीनं शिकवलंय. तो ऐकत नाही, पाणी मचूळ होतं आणि दुसरा खड्डा खणायला दोघांना एक पूर्ण दिवस लागतो. कोण बरोबर होतं यावर एक शब्दही लिहू नका. खारं पाणी पुरेसं बोलतं.

तहान अनावर झाल्यावर पोरगा समुद्राचं पाणी पितो, असा एक प्रसंग तुम्ही घातलाय आणि त्याला नुसती उलटी होते. प्रत्यक्षात काय होतं ते असं: समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि माणसाचं मूत्रपिंड इतकं खारट मूत्र बनवू शकत नाही. ते क्षार बाहेर टाकायला शरीर स्वतःजवळचं पाणी खर्च करतं. एक पेला प्यायला की पेल्याहून जास्त जातं. पुढे भ्रम होतो, माणूस बरळतो. उलटीपेक्षा हे तुमच्या जास्त कामाचं आहे.

पाऊस मात्र या दोघांचा खरा तारणहार. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. बोटीची फाटकी ताडपत्री दोन बाय तीन मीटरची असेल आणि दहा मिलिमीटरची एक जोरदार सर आली, तर साठ लिटर. दहा दिवसांची सोय! पण साठवणार कशात? आजच्या काळातली गोष्ट असेल तर किनाऱ्यावर प्लास्टिकच्या बाटल्या, दोरांचे तुकडे, जाळ्यांचे गोळे, एकेकट्या चपला असा कचरा असणारच. तुमचा किनारा इतका स्वच्छ आहे की शंका येते. पारदर्शक बाटलीत गढूळ नसलेलं पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली (ढगाळ असेल तर सलग दोन दिवस) तर बरेचसे जंतू मरतात. भांडं आणि आग असेल तर एक मिनिट खळखळून उकळायचं. बाटल्या मोजणं, त्यांवर खुणा करणं, कालची आधी संपवणं, हे सगळं बाईंचं राज्य. आणि दोन बाटल्या चोरून ठेवणं हे पोराचं.

आता चष्मा. लांबचं न दिसणाऱ्या माणसाचा चष्मा मायनस नंबरचा असतो. त्याची काच किरण एकत्र आणत नाही, फाकवते. त्यानं दिवसभर प्रयत्न केला तरी कापूससुद्धा तापायचा नाही. ही चूक फार जुनी आहे आणि वाचक ती ताबडतोब पकडतात. पण तुमची नायिका ६५ वर्षांची आहे. तिला जवळचं वाचायला प्लस नंबर द्या. अडीच नंबर धरा. त्या काचेचं किरण एकवटण्याचं अंतर ४० सेंटिमीटर येतं (एक मीटर भागिले नंबर) आणि तेवढ्या अंतरावर सूर्याचा ठिपका जेमतेम चार मिलिमीटरचा पडतो. एका काचेनं धूर निघेल, निखारा धरेलच असं नाही. दोन्ही काचा एकमेकींवर ठेवल्या तर नंबर पाच होतो, अंतर निम्मं, ठिपका दोन मिलिमीटरचा आणि त्या जागेची धग जवळपास चौपट. पण काचा एकमेकींवर आणायच्या तर चष्मा नाकावरच्या दांडीपाशी मोडावा लागतो.

तो मोडायचा की नाही, हा निर्णय बाईंचा. मोडल्यावर त्यांना काच हातात धरून डोळ्याशी नेल्याशिवाय जवळचं काही दिसणार नाही. म्हणजे दोन्ही हात लागणारं बारीक काम त्यांच्या हातून गेलं. चार दिवसांनी पोराच्या टाचेत समुद्री साळूचा काटा मोडेल तेव्हा काच कोणी धरायची आणि काटा कोणी काढायचा? असा प्रसंग असल्यावर मनमोकळ्या गप्पांची गरजच काय?

पेटवायची रीतही दोघांची आहे. भर दुपारचं ऊन, वाऱ्याला आडोसा. सुक्या सोडणातला काथ्या बोटांनी चोळून त्याचा कापसासारखा बोळा करायचा, त्यात सोडणाचा बारीक भुगा. एकानं काचा अजिबात न हलवता धरायच्या, ठिपका एकाच जागी ठेवायचा. म्हाताऱ्या हाताला कंप असेल तर कोपर गुडघ्यावर टेकवायचं. धुराची दोरी उठली की दुसऱ्यानं हळू, लांब फुंकर घालायची. जोरात फुंकली की भुगा उडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. काथ्या लगेच पेट घेत नाही, आधी धुमसतो, आणि तेच फायद्याचं आहे: सोडणाचा मोठा तुकडा तासन्‌तास धुमसत राहतो, निखारा इकडून तिकडे नेता येतो. पावसाळी हवेत चष्मा निरुपयोगी, म्हणून आग विझू न देणं हे पेटवण्यापेक्षा मोठं काम. रात्री कोणीतरी जागं हवं.

या बाबतीत एक खरी घटना डोळ्यांसमोर ठेवा. १९६५ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशातली सहा मुलं एका बोटीतून निघाली, वादळात सापडली आणि अटा या निर्मनुष्य बेटाला लागली. पंधरा महिने तिथं राहिली. दोघादोघांच्या जोड्या करून त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या, एकदा पेटवलेली आग शेवटपर्यंत विझू दिली नाही, पोखरलेल्या ओंडक्यांत पावसाचं पाणी साठवलं. भांडण झालं तर दोघांनी बेटाच्या वेगवेगळ्या टोकांना जाऊन डोकं शांत करायचं, असा नियम होता. तुमच्या दोघांनाही असा एखादा नियम सापडू द्या, पण तिसरं-चौथं भांडण झाल्यावर. आणि बेट इतकं लहान ठेवा की दूर गेलेला माणूस दिसतच राहील.

दुसरी घटना तुमच्या विषयाला अधिक जवळची. जेराल्ड किंग्सलँड या मध्यमवयीन ब्रिटिश लेखकानं वर्षभर बेटावर राहायला जोडीदारीण हवी अशी जाहिरात दिली आणि १९८१ मध्ये ल्यूसी आयर्विन ही त्याच्याहून कितीतरी तरुण मुलगी त्याच्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या तुइन बेटावर गेली. दोघं स्वखुशीनं गेलेले, तरीही एकांतानं माया वाढली असं काही झालं नाही, कुरबुरीच वाढल्या. पाऊस रुसला, पाणी आटलं आणि शेजारच्या बाडू बेटावरच्या लोकांनी मदत केली म्हणून निभावलं. पुढे दोघांनी त्याच वर्षावर आपापलं स्वतंत्र पुस्तक लिहिलं. यातून एक युक्ती उचला: बाईंची रोजनिशी आणि पोराच्या तोंडची हकीकत यांत एकाच दिवसाचे आकडे जुळू देऊ नका.

बेट कॅलेंडरवरचं वाटतं त्याची बाकीची कारणं किरकोळ आहेत, पण दुरुस्त करा. तुमच्या संध्याकाळी फार रेंगाळतात. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. लाकडं गोळा करायला गेलेला माणूस परत येईतो वाट दिसेनाशी होते. झोपडी माडाखाली बांधली आहे. एका वाऱ्यात नारळ डोक्यात पडेल, ती हलवा. समुद्र रोज सकाळी त्याच वेळेला ओसरतो असं दाखवलंय. बहुतेक किनाऱ्यांवर भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते, म्हणजे रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. आज सहाला भरती असेल तर आठवड्याभरात त्याच वेळेला ओहोटी. पहिल्या रात्री दोघं मऊ, सपाट वाळूवर झोपतात आणि मध्यरात्री पाण्यात जागे होतात, हे फुकट मिळणारं दृश्य आहे. शेवाळ आणि काटक्यांची रेघ किनाऱ्यावर कुठं पडली आहे हे न पाहिल्याची शिक्षा. आणि समुद्र कोणता ते ठरवल्याशिवाय माकडं, पोपट घालू नका. पॅसिफिकमधल्या दूरच्या बेटावर माकड नसतं. तिथं रात्री माडाच्या बुंध्याशी मोठा नारळखेकडा भेटू शकतो, चार किलोपर्यंत वाढणारा. तो माकडापेक्षा जास्त दचकवेल.

चपलांचा विचार तुम्ही केलाच नाही. पोरानं पोहताना बूट झटकून टाकले असणार. बाईंच्या पायात कॅनव्हासचे बूट राहिले असणार. प्रवाळावर अनवाणी चालता येत नाही. जखमा लहान दिसतात, पण आत प्रवाळाचे कण राहतात, चिघळतात, आठवडे भरत नाहीत. म्हणजे ओहोटीत प्रवाळावर जाऊन कालवं-खेकडे आणायचं काम, जे तुम्ही ‘धडधाकट’ म्हणून पोराला दिलंय, ते बाईंकडे आलं. किनाऱ्यावर बसून वाट बघायची पाळी त्याची. तुमच्या विजोड जोडीचा तराजू एका बुटाच्या जोडानं असा उलटा होतो. किनाऱ्यावर वाहून आलेल्या, मापात न बसणाऱ्या दोन वेगळ्या चपला त्याला सापडतील, पण जरा उशिरा सापडू द्या.

मासे पकडले की पोट भरलं, असंही नाही. काही प्रवाळी भागांत माशांच्या अंगात सूक्ष्म शैवालांमुळे तयार झालेलं विष साठतं. ते शिजवून जात नाही, चवीला-वासाला कळत नाही, आणि मोठ्या शिकारी माशांत जास्त असतं. काही तासांत ओकारी, जुलाब. मग ओठ बधिर होतात, थंड वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. हे कित्येक आठवडे टिकू शकतं. पोरगा मोठा मासा मारून आणतो, पहिल्यांदाच बाईंकडून शाबासकी मिळते आणि रात्री तोच आडवा होतो. बाईंनी तोंडात घासभरच घातला होता, कारण त्यांचा दात दुखत होता. पुढचे पाच दिवस दोघांचं पाणी, आग आणि खुणा एकट्या बाई सांभाळतात. हे प्रकरण चौथं करा, म्हणजे ‘भांडायला काही उरत नाही’ ही तुमची तक्रार उरणार नाही. बरा झाल्यावर त्याला आधी लाज वाटेल, मग राग येईल. संबोधनंही इथंच बदलू द्या. ‘मॅडम’ म्हणणारा पोरगा आजारपणात नकळत ‘मावशी’ म्हणेल, शुद्धीवर आल्यावर पुन्हा ‘मॅडम’वर जाईल. बाईंनी यावर चकार शब्द काढायचा नाही.

मधल्या भागातलं मोठं भांडण तराफ्याचं ठेवा. मिस्त्री हाताला काम शोधणारच. तो ओंडके आणि जाळ्याचे दोर बांधून तराफा करणार. उष्ण कटिबंधात वारे बहुतांशी पूर्वेकडून वाहतात, म्हणजे तराफा पश्चिमेकडे जाणार. वस्ती पूर्वेला असेल तर बांधकाम कितीही मजबूत असो, ते उलट्या दिशेचं आहे. बाईंना वाऱ्यातलं काही कळत नाही, पण रोज समुद्रात टाकलेल्या करवंट्या कुठल्या बाजूला जातात हे त्यांनी लिहून ठेवलंय. पोराला पटत नाही. त्याचा मुद्दाही खोटा नाही: इथं बसून कोणी येणार आहे का? वाचकाला दोघंही बरोबर वाटले पाहिजेत, नाहीतर हे भांडण नुसतं बाईंचं व्याख्यान होईल.

आता ‘कोणी येत का नाही’ याचं उत्तर द्या, कारण हल्लीचा वाचक विचारतोच. बोटीवर उपग्रहाला संदेश देणारं आपत्कालीन यंत्र असेल तर शोध लवकर सुरू होतो. मग ते नव्हतं, की बॅटरी मेलेली होती, की उलटलेल्या बोटीच्या टपाखाली अडकलं? मिस्त्रीनं बॅटरी बदलायची टाळली होती आणि हे त्यानं बाईंपासून लपवलंय, हा धागा तुमच्या पहिल्या बारा प्रकरणांत हवा होता.

खुणांबद्दल थोडक्यात. विमानातून दिसण्यासाठी जमिनीवर काढायची आंतरराष्ट्रीय चिन्हं ठरलेली आहेत: इंग्रजी ‘व्ही’ म्हणजे मदत हवी, ‘एक्स’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी. अक्षर किमान अडीच मीटर लांब, आणि पांढऱ्या वाळूवर काळपट झावळ्यांचं. पोरगा आजारी पडतो त्या रात्री बाई ‘व्ही’चा ‘एक्स’ करतात, एवढं एकच वाक्य लिहा. बंद पडलेल्या फोनची काच आरशासारखी वापरता येते: हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात जहाज धरायचं आणि कवडसा त्या बोटांवर आणून खालीवर हलवायचा. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत असतं. दहा मीटरच्या वाळूच्या टेकाडावरून ते अकरा-बारा किलोमीटर होतं. म्हणून टेहळणी वर हवी आणि आग खाली, म्हणजे पुन्हा दोघं दोन ठिकाणी.

सुटका करा. विमान पंख डावी-उजवीकडे झुकवून ‘खूण पाहिली’ असं सांगतं आणि निघून जातं. बोट यायला त्यानंतर कित्येक तास, कधी एक दिवस लागतो. तुमच्या शेवटच्या प्रकरणाची जागा हे तास आहेत. आग आता चालू ठेवायची का? साठवलेलं पाणी पिऊन टाकायचं का? बॅटरीची गोष्ट पोरगा आता सांगतो की नाही? बोटीवर चढल्यावर त्यांना मेजवानी देऊ नका. कित्येक आठवडे अर्धपोटी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवण दिलं तर रक्तातले क्षार झपाट्यानं घसरून जिवावर बेतू शकतं. जाणता खलाशी थोडं थोडं, अंतरा-अंतरानं देईल. पोरगा अर्थातच अजून मागेल आणि बाई अर्थातच नको म्हणतील.

बारा प्रकरणांपैकी पहिलं ठेवा, दुसरं-तिसरं पुन्हा लिहा, चांदण्याचं काढून टाका. लिहायला बसण्याआधी एका कागदावर चाळीस दिवसांचे रकाने आखा: पाणी किती, बाटल्या किती, भरती कधी, कोणाच्या अंगावर कोणती जखम. हा कागद बाईंच्या हस्ताक्षरात आहे असं समजून भरा.